शून्याला पाय नसतात

हाक्केवस्ती, ता. जत
२० एप्रिल २०२५

उत्कर्षा,

पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' लिहायचा असतो एवढं मला कळतं. दोन वर्षं का होईना, सांगलीत तुझ्याच मागच्या बाकावर बसून कॉलेज केलंय. पण आज तो नमस्कार लिहिणार नाही. राग आहे.

तुझं खोकं पोचलं. कंडक्टर जोतीराममामांनी फाट्यावर एसटी थांबवली, खोकं हातात दिलं आणि सगळ्या गाडीसमोर विचारलं, "काय हाय रं ह्यात? साताऱ्यापास्नं नुस्तं खळाखळा वाजतंय." मी म्हटलं, बाटल्या आहेत, शेणकिडे धरायला. गाडी सुटेपर्यंत खिडकीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हे मी तुझ्यासाठी सोसलं, ध्यानात ठेव.

आता रागाचं. तुझ्या स्टेटसला फोटो होता. तळहातावर शेणकिडा, काळा, चकचकीत. खाली तू लिहिलंस, 'आजचा पाहुणा'. किड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हात कुणाचा? तुझा नाही. तुझ्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण आहे, मला तो पाठ आहे. ह्या हातात चांदीचं कडं होतं. मी फोटो मोठा करकरून बघितला आणि मग फोन दोणीवर आपटला. गुरांना पाणी पाजायची दगडी दोण. दोणीला काही झालं नाही.

म्हणून हे पत्र. धनाजीकाकाच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण त्याच्या फोनचा स्पीकर बंदच होत नाही. तू 'हॅलो' म्हटलीस की अख्खी वस्ती 'हॅलो' म्हणेल. दुसरा फोन आप्पांचा, आणि आप्पा दिवाळीपासून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी आहेत.

खड्डे मी पाडतोय. तू सांगितलंस तसंच करतोय. डबा काठापर्यंत पुरायचा, आत साबणाचं पाणी, वर काडीला शेणाची पुरचुंडी. पण जमीन तापून तवा झालीय. पहार मारली की टण्णकन वाजते. ह्यात किडा कुठला यायचा? आला तर त्या कडंवाल्याला पाठव, त्याच्या हातावर ठेवतो.

हाताचं नाव कळव.

बिरदेव


सातारा
२९ एप्रिल २०२५

बिरदेव,

हाताचं नाव ऋषिराज. माझ्याबरोबर एमएस्सीला आहे, आष्ट्याजवळचा. माझ्या ओल्या भागातले खड्डे त्यांच्या उसाच्या रानात आहेत आणि कोरड्या भागातले तुझ्या माळावर. पाऊस पडला की दोन्हीकडच्या शेणकिड्यांचं काय होतं, एवढंच मला बघायचंय. किडा त्याच्या हातावर होता, कारण माझ्या हातात मोबाईल होता.

फोन फोडलास ते वाईट केलंस. पण तुझं अक्षर इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं.

किडे आले नाहीत तरी बाटली पाठव, रिकामी. चिठ्ठीवर 'शून्य' लिही. शून्य हीसुद्धा माहिती असते. जमीन कडक असली की त्यांना शेण खाली पुरता येत नाही, मग ते मातीतच दडून राहतात. ओल खाली उतरली की वर येतात. पण किती पावसानं, ते तुमच्या बाजूला कुणी मोजलेलं नाही. सर म्हणाले, पूर्वेकडच्या नोंदी खात्रीच्या नसतील तर ती जागाच गाळून टाका. मी म्हटलं, तिथला माणूस खात्रीचा आहे. एवढं लक्षात ठेव.

आणि एक विचारायचंय. माझ्या आजोबांनी मेंढरं राखली, पण बाबा नोकरीसाठी माधवनगरला आले आणि ते शब्द घरातून गेले. मेंढरं घेऊन रानात उतरता, त्या मुक्कामाला 'तळ' म्हणतात का? रिपोर्टात मला बरोबर शब्द हवाय.

उत्कर्षा


हाक्केवस्ती
२३ मे २०२५

उत्कर्षा,

तळ मिलिटरीचा असतो. आपल्यात वाडा म्हणतात. मेंढरं, त्यांच्याभोवतीची जाळी, घोडं, कुत्री, चूल, माणसं, सगळं मिळून वाडा. ज्याच्या रानात वाडा बसतो त्याला लेंड्यांचं खत मिळतं आणि वाड्याला धान्य. 'औंदा वाडा कुठं बसलाय?' असं विचारायचं. लिहून घे, तुझ्या त्या काळ्या पेनानं. कॉलेजातही तू काळ्यानंच लिहायचीस. सगळ्यांच्या वह्या निळ्या, तुझी काळी.

ऋषिराजबद्दल मी काही विचारणार नाही. कडं कुणी दिलं, एवढंच विचारतो.

इकडं पाऊस लागलाय. वळवाचा एखादा तडाखा आमी दरसाल बघतो, पण हा उघडायचं नावच घेईना. तिसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो तर, उत्कर्षा, जमीन चालत होती! शेणाच्या एकेका पवट्याखाली काळे, तांबूस, शिंगाचे, बिनशिंगाचे. रात्री टाकलेलं शेण सकाळी चाळणीसारखं, खाली ताज्या मातीच्या ढिगुळ्या. डबे भरून गेले. तू सांगितल्याप्रमाणे सगळे स्पिरिटात घालून पाठवतोय.

आई दारातनं बघत होती. म्हणाली, "आरं, शेणातच हात घालायचा व्हता तर कालेजात कशाला गेलतास? त्ये हितं बी व्हतं की." मी म्हटलं, आई, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "व्हय, शास्त्राचं नाव काय? उत्कर्षा?"

एक गंमत बघितली. गोळा ढकलणारा एक किडा. मागच्या पायानं, डोकं खाली, बिचारा उलटा चाललेला. त्याच्या मागं मादी. तेवढ्यात दुसरा एक आला, आंगापेरानं मोठा. वाटलं मदत करतोय. दोघांनी वीतभर ढकलला असेल, आणि त्यानं पहिल्याला असं उलथून टाकलं की पाय वर! गोळाही गेला, मादीही त्याच्या मागनं गेली. मी त्या मोठ्याला काडीनं उचलून लांब फेकलं. त्याचं नाव मी ठेवलंय. काय ठेवलं असेल ते तू ओळखशील.

आप्पांशी धनाजीकाकाच्या फोनवरून बोललो. कुठल्याशा पाटलाच्या रानात चिखलात अडकलेत. मी काय करतो विचारलं. सांगितलं, साताऱ्याच्या एका पोरीसाठी शेणाच्या पुरचुंड्या बांधतोय. आप्पांनी आधी मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाले, "मला वाटलं पाऊसच वंगाळ लागलाय औंदा." त्यानंतर त्यांचाही फोन लागेना. भिजला असणार.

बिरदेव


सातारा
३१ मे २०२५

बिरदेव,

तुझ्या बाटल्या उघडल्या आणि मी ओरडलेच. सर स्वतः भिंग घेऊन बसले. म्हणाले, हा तुझा जतचा माणूस कोण गं? मी सांगितलं. तू असतास तर तुझी कॉलर टाईट झाली असती.

आमच्या ओल्या भागात उलटं झालंय. इतका पाऊस की डब्यात किडे नाहीत, गढूळ पाणी. शेण टाकलं की वाहून जातं, नाहीतर त्याचं पिठलं होतं. काळ्या मातीत पाणी उभं, किडे शेण पुरणार कुठं आणि अंडी घालणार कुठं? तुझ्याकडे पाऊस पडला म्हणून किडे आले, इकडे पाऊस पडला म्हणून गेले. माझा सगळा अभ्यास ह्या एका वाक्यावर उभा राहील, पण ते वाक्य तुझ्या बाटल्यांशिवाय अर्धंच आहे. पुढचे आठ डबे नीट सांभाळ.

आणि हे वाच. मी ऋषिराजच्या गावी अडकले. ओढ्याला पाणी, गाड्या बंद. तीन रात्री वाड्यावरच राहिले. तिथल्या वडीलधाऱ्यांनी पोटच्या पोरीसारखं जपलं. थंडी वाजली तर स्वतःच्या अंगावरचं घोंगडं दिलं. निघताना मला विचारलं, "पोरी, येतीस का आमच्या घरात?" मी उत्तर दिलं. काय दिलं ते पत्रात लिहिणार नाही. समोरासमोर सांगेन आणि तुझं तोंड बघेन.

कडं त्याच्या भावानं दिलंय. भाऊ मिलिटरीत आहे.

उत्कर्षा


हाक्केवस्ती
५ जून २०२५

कुमारी उत्कर्षा यांस,

माझं तोंड बघायची तसदी घेऊ नये. ते कसं झालंय ते आई रोज बघते.

तीन रात्री वाड्यावर! राहा की. पाटलांचा वाडा म्हणजे काय, वर दिवाणखाना असेल, झोपाळा असेल, भिंतीला तलवारी असतील. आमच्याकडं पत्र्याच्या दोन खोल्या आणि दोण. सासऱ्यानं घोंगडं दिलं, सासूनं काय दिलं? ऋषिराजनं काय दिलं? भावानं दिलेलं कडं काढून दिलं का?

मला माळावरचा तो पहिला किडा आठवला. उलटा चाललेला, डोकं खाली घालून. त्याला कळतच नाही मागं कोण आलंय.

आठ बाटल्या पाठवतोय. शून्य. आठही शून्य. पाऊस पडला, भरपूर पडला, पण किडा एकही आला नाही. एकही नाही म्हणजे नाहीच. तूच म्हणाली होतीस, शून्य हीसुद्धा माहिती असते. लिही तुझ्या त्या वाक्यात.

आता डबे उपटून ठेवलेत. गुरं पाय घालतात.

बी. बी. हाक्के


सातारा
१३ जून २०२५

बिरदेव,

आधी कामाचं. आठ बाटल्या मिळाल्या. सर म्हणाले, चमत्कारिक आहे, आधी एवढे किडे आणि ओल असताना एकदम शून्य. त्यांनी विश्वास ठेवला, कारण तू खात्रीचा माणूस आहेस असं मीच सांगितलं होतं. मग मी बाटल्या धुवायला घेतल्या. पाचव्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यात एक पाय अडकला होता. पुढचा पाय, दातेरी, माती उकरायचा. 

शून्याला पाय नसतात, बिरदेव.

मी तो पाय सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. लपवला असता तर मीही तुझ्यासारखीच झाले असते. त्यांनी तुझी जागा गाळली नाही, पण तुझ्या हातातून काढली. आता ऋषिराज दर पंधरा दिवसांनी तुमच्या माळावर येईल, खड्डे तो पाडेल, बाटल्या तो भरेल. तू त्याला मदत कर किंवा करू नकोस.

आता दुसरं. 'वाडा' हा शब्द मला कुणी शिकवला? काळ्या पेनानं लिहून घे म्हणून कुणी सांगितलं? मी लिहून घेतला आणि वापरला. ऋषिराजचं घर चार खोल्यांचं आहे, स्लॅबचं, त्यांच्याकडे तलवार नाही, झोपाळा नाही. ओढ्यामुळे घरापर्यंत जाताच येईना, म्हणून मी राहिले ती त्यांच्या रानातल्या मेंढरांच्या वाड्यावर. चुलीला ओली लाकडं, चारी बाजूंनी चिखल, रात्रभर कुत्री. आणि घोंगडं! अरे, बंगल्यातली माणसं पाहुण्याला घोंगडं देतात का? आख्खं जग 'वाडा' म्हटल्यावर चुकलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू धनगराचा पोरगा. तुला तुझा वाडा आठवला नाही, पाटलाचा आठवला!

त्या म्हाताऱ्या माणसानं मला चहा देताना सांगितलं, "आमचं येक पोरगं हाय, कालेज सोडलं. आता कुन्या सातारच्या पोरीसाठनं शेणाच्या पुरचुंड्या बांधतंय." मी हसायला लागले. त्यांना कळेना का हसते. मग कळलं आणि तेही हसले. पुढचं तुला माहीत आहे, कोणी काय विचारलं ते. मीच त्यांना म्हटलं होतं, घरी सांगू नका, मी सांगते.

सांगायला मला केवढी हौस होती.

तू रागावलास की फोडतोस. कॉलेजात एका पोरानं 'मेंढक्या' म्हटलं तर त्याचं नाक, मी फोटो ठेवला तर फोन. आता माझं काम. तुझ्या आप्पांना मी जे उत्तर दिलं, ते परत घ्यावं का याचा मी विचार करतेय.

उत्कर्षा


हाक्केवस्ती
२० जुलै २०२५

उत्कर्षा,

महिनाभर लिहिलं नाही. सुरुवात चार वेळा केली, चारही कागद चुलीत घातले. आई म्हणाली, "पत्रं ल्हितुयास का सरपण?"

ते किडे मी दोणीमागं ओतले होते. स्पिरिटचा वास होता, कोंबड्यांनीही खाल्ले नाहीत. तिथंच पडून होते, मी रोज बघत होतो.

तुझा ऋषिराज आतापर्यंत दोनदा आला. पहिल्यांदा मी त्याला रस्ता चुकीचा सांगणार होतो, पण आप्पा आडवे आले. वाडा परत आलाय आता. आप्पा त्याच्या गळ्यातच पडले, "आवं, ह्येंच्याच रानात आमी जगलो की!" आईनं त्याला दूध दिलं, भरल्या वांग्याची भाजी केली. माझ्यासाठी भरलं वांगं शेवटचं कधी केलं ते मला आठवत नाही. गेल्यावर म्हणाली, "पोरगं लय गुणाचं." मी ताट सरकवलं. फोडलं नाही. सरकवलं.

तो चांगला आहे. हे लिहायला मला एक महिना लागला. पहार त्याला नीट धरता येत नाही, पण चांगला आहे. दुसऱ्या वेळी माळावर खड्डे पाडताना मी विचारूनच टाकलं, "गड्या, खरं सांग. ती आवडती का तुला?"

तो म्हणाला, "व्हय."

माझ्या हातात पहार होती, बघ.

"इचारलंस तिला?"

"इचारलं. म्हनली, उत्तर देऊन झालंय, वाड्यावर." मग घाम पुसून म्हणाला, "कुठला वाडा, त्ये मला लगेच कळलं. तुला उशीर लागला म्हनं." आणि हसला. त्याचे दातही सरळ आहेत.

संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, तिनं तुम्हाला काय उत्तर दिलं? आप्पा लोकर कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी म्हनलं येतीस का आमच्या घरात. तर म्हनली, घरात कशाला, वाड्यावरच येते. लय मोठी पोरगी हाय ती. तुझं बघ तू."

हे उत्तर तू परत घेतलंस का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. म्हणून कामाचं लिहितो.

जूनच्या मध्यापासून इकडं थेंब नाही. ढग रोज येतात, आमच्यावरून जातात आणि तुमच्या कृष्णेकडं जाऊन पडतात. पाऊससुद्धा आष्ट्याचाच. माळ परत तवा झाला. शेण टाकलं की दुपारपर्यंत वाळून गोवरी. खाली उकरून बघितलं, किडे मातीचा गोळा करून खोल बसलेत, वर येत नाहीत. ह्या खेपेला आठही बाटल्या रिकाम्या आहेत. शून्य. खरं शून्य.

आणि आता अशी गत आहे की, खरं शून्य माझ्याजवळ आहे आणि ते खरं मानायला तुझ्याजवळ काही कारण नाही.

तेव्हा मी चिठ्ठी लिहिली आणि ऋषिराजपुढं केली. म्हटलं, सही कर, साक्षीदार म्हणून. त्यानं खिशातलं निळं पेन काढलं आणि केली. सही छान आहे त्याची, शेवटी वेलांटी आहे. मी त्याच्याकडं काही मागितलं, हे लिहिताना माझे दात किती घट्ट आवळलेत ते तुला दिसायचं नाही. झाकणांचे आटे बघून घे. मी पाठवायच्या आधी दोनदा बघितलेत.

सप्रेम नमस्कार.

बिरदेव


सातारा
२८ जुलै २०२५

बिरदेव,

शून्य मिळालं. सरांनी लिहून घेतलं. ते म्हणाले, हेच हवं होतं, पावसाचा खंड पडल्यावरचं. ओल्या भागात पावसानं शून्य, तुझ्याकडे पावसाविना शून्य. माझं वाक्य पूर्ण झालं.

आटे मी बघितले नाहीत.

साक्षीदाराची सही खोडली. तुझ्या शून्याला साक्षीदार लागावा हे मला नको आहे. ऋषिराजला विचारूनच खोडली, तो म्हणाला, खोड. पुढच्या पावसापासून खड्डे पुन्हा तुझे. खोडलेली चिठ्ठी सोबत परत पाठवतेय. जपून ठेव, राग आला की बघ.

आप्पांना जे म्हटलं ते परत घेतलेलं नाही. दिवाळीनंतर वाडा निघायच्या आत बाबांना घेऊन येते. तोवर फोन घे. नाहीतर नको घेऊस.

उत्कर्षा


हाक्केवस्ती
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्कर्षा,

पाऊस झाला. तीन दिवस, जिरवणीचा. आज सकाळी माळ पुन्हा चालायला लागला. बाटल्या गच्च भरून पाठवतोय, झाकण लावताना एकाचाही पाय अडकू दिला नाही. जोतीराममामा म्हणाले, "ह्या खेपंला वाजत न्हाईत रं." मी म्हटलं, भरल्यात, मामा.

आप्पांनी पांढऱ्या लोकरीचं एक घोंगडं विणायला टाकलंय. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, "तुला न्हाई."

तो मोठा किडा पण आलाय. ह्या खेपेला मी त्याला फेकलं नाही. नुसतं बघत बसलो. गोळा ज्याचा होता त्याच्याकडंच राहिला, मादीही तिथंच राहिली. मोठा आला तसा गेला. मला लय बरं वाटलं.

ती खोडलेली चिठ्ठी मी पाकिटात ठेवलीय. रोज बघतो. सही खोडलीस ते फार चांगलं केलंस, तीन रेघा ओढल्यास, एक पुरली असती. फक्त एक विचारायचं होतं, राग नाही, नुसतंच विचारतोय. तू जन्मभर काळ्या पेनानं लिहितेस. ह्या तीन रेघा निळ्या आहेत.

पेन कुणाचं होतं?

तुझाच,
बिरदेव